जुन्या कॅरॅव्हानच्या खिडक्या काढून परत बसवायच्या, आणि पाणी आत येऊ द्यायचं नाही

कॅरॅव्हानमधे, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घरात, शिरा, पुढच्या मोठ्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात आतल्या भिंतीवर अंगठा ठेवा आणि जरा जोर लावा. भिंत टणक लागली तर उत्तम. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी आत गेली तर समजायचं की पाणी आतल्या लाकडापर्यंत पोचलंय, आणि ते काल परवाचं नाही, काही वर्षांचं आहे. आमची कॅरॅव्हान १९८९ ची, चार जण झोपतील अशी, आम्ही इंग्लंडमधे लेस्टरजवळ राहतो आणि ती एका शेतात सात आठ वर्षं नुसती उभी होती तिथून आणली, तिच्या पाच खिडक्यांपैकी तीन खिडक्यांखाली अंगठा आत गेला. मार्चपासून जुलैपर्यंत सुट्टीचा प्रत्येक दिवस देऊन पाचही खिडक्या काढल्या, लाकूड बदललं, परत बसवल्या. त्यानंतर इथला एक अख्खा हिवाळा गेलाय आणि आत एक थेंब नाही. इथल्या ओळखीतल्या दोघातिघांनी अशाच जुन्या कॅरॅव्हान घेतल्यात आणि सगळे एकच विचारतात की कुठलं सीलंट लावलंस, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, कारण नुसतं सीलंटचं नाव सांगून उपयोग नाही.

आधी भिंत कशी बनलीय ते बघा, मग बाकीचं आपोआप कळतं. ऐंशी नव्वदच्या दशकातल्या बहुतेक ब्रिटिश कॅरॅव्हानची भिंत म्हणजे बाहेरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, आतून तीनेक मिलिमीटरचा प्लाय, मधे साधारण इंचभर थर्माकोल, आणि खिडकीच्या चारी बाजूंनी पाइनच्या लाकडी पट्ट्या. खिडकी ॲक्रिलिकची, दुहेरी, तिला वरच्या बाजूला ॲल्युमिनियमची बिजागरीची रेल असते. ती रेल पत्र्यावरून आरपार स्क्रूने त्या लाकडी पट्टीत बसवलेली, आणि रेल आणि पत्रा यांच्या मधे मॅस्टिकचा, म्हणजे फट भरायच्या मऊ चिकट लगद्याचा, थर. बाकी तीन बाजूंना खिडकी उघडत असल्यामुळे फक्त रबराचा सील असतो ज्याच्यावर ती बंद झाली की टेकते.

म्हणजे पाणी शिरायच्या वाटा तशा मोजक्याच आहेत. रेलमागचं मॅस्टिक वाळून कडक झालं की पाणी रेलच्या मागे उतरतं, तिथे स्क्रूची भोकं आयती आहेतच, स्क्रू साध्या लोखंडाचे असले तर गंजतात, गंजलेल्या स्क्रूभोवतीचं लाकूड काळं पडून मऊ होतं, स्क्रूची पकड जाते, रेल सैल होते आणि अजून पाणी शिरतं. हे पाणी वरून आत जातं पण दिसतं खालच्या कोपऱ्यात, कारण ते उभ्या पट्टीवरून थर्माकोलच्या कडेकडेने उतरत जातं आणि खालच्या आडव्या पट्टीवर साठतं. म्हणून खालचा कोपरा ओला आहे म्हणून खालच्या कडेला सीलंट फासलं तर काहीच होत नाही, उलट आत शिरलेलं पाणी बाहेर यायची जी थोडीफार वाट होती तीसुद्धा बंद होते.

आणि मॅस्टिक कडक का होऊन चालत नाही त्याचा हिशोब सांगते, कारण मला स्वतःला हा हिशोब केल्यावरच गोष्ट पटली. दीड मीटर लांबीची रेल घ्या. हिवाळ्यात उणे ५ डिग्री आणि उन्हाळ्यात उन्हात ३५, म्हणजे ४० डिग्रीचा फरक. ॲल्युमिनियम एवढ्यात साधारण १.४ मिलिमीटर लांब होतं, तिच्यामागचं लाकूड त्याच्या पाव भागाइतकंही नाही, आणि ॲक्रिलिकची खिडकी तर चार मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे रेल दर वर्षी मिलिमीटरभर पुढे मागे सरकतेय. मधला थर मऊ असेल तर तो ताणला जातो आणि परत येतो, कडक असेल तर सुटतो आणि बारीक फट पडते. त्यात या देशात मोटरवेवर कॅरॅव्हान ओढताना ६० मैलाची मर्यादा आहे, त्या वेगाने पावसात जाताना पुढच्या खिडकीवर पाणी नुसतं पडत नाही, दाबाने आत घुसतं. मॅस्टिकचं काम चिकटवण्याचं नाहीच, धरून ठेवायचं काम स्क्रूचं, मॅस्टिकने फक्त जागा भरून राहायचं आणि वर्षानुवर्षं मऊ राहायचं.

आता सिलिकॉन. आमच्या आधीच्या मालकाने सगळ्या खिडक्यांभोवती बाथरूमचं पांढरं सिलिकॉन भरून ठेवलं होतं, आणि या सगळ्या कामात सर्वात जास्त वेळ जर कशाने खाल्ला असेल तर ते खरवडण्याने. कृपा करून लावू नका. लावताना ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन वाळताना आम्ल सोडतं आणि ॲल्युमिनियम खातं, पांढरी पूड दिसते ना पत्र्यावर, तिला ते हातभार लावतं. दुसरं म्हणजे सिलिकॉन ज्या जागी एकदा लागलं तिथे नंतर दुसरं काही धड चिकटत नाही, रंगसुद्धा नाही, आणि तिसरं, ते बाहेरून फासलेलं असल्यामुळे कड उचलली गेली की आत पाणी धरून ठेवतं. बाहेरून फासणे हा दुरुस्तीचा प्रकारच नाहीये. खोलायलाच लागतं.

सामान काय लागेल

न वाळणारं ब्यूटाइल मॅस्टिक, हे रोलमधे पट्टीच्या रूपात मिळतं आणि गनच्या नळीतही मिळतं. पट्टी म्हणाल तर इथे डब्ल्यू४ कंपनीची सगळीकडे मिळते, नळीत कॅराफॅक्सचं आयडीएल ९९ कॅरॅव्हानवाले पिढ्यानपिढ्या वापरतात. रेलखाली मी पट्टी वापरली आणि जिथे खड्डे किंवा कोपरे होते तिथे नळीतलं. सिकाफ्लेक्स ५१२ पण लोक वापरतात, ते चांगलंच आहे, पण ते वाळून रबरासारखं होतं आणि चिकटतं, म्हणजे पुढच्या वेळी रेल काढताना वाकायची भीती, आणि पॉलियुरेथेन जातीची सीलंट ॲक्रिलिकला लागू देऊ नयेत, ताण असलेल्या ॲक्रिलिकला त्याने तडे जातात. सिकाफ्लेक्समधलेच २५२ सारखे प्रकार तर सरळ गोंद आहेत, खिडकीच्या रेलला ते लावू नका, ती परत कधीतरी काढायचीच आहे.

स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, जुन्याच जाडीचे, पण मिळाले तर जुन्यांपेक्षा चार पाच मिलिमीटर जास्त लांब. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम ओल्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजतं, म्हणून प्रत्येक स्क्रू आधी मॅस्टिकमधे बुडवायचा किंवा बोटवाले वापरतात ती ड्युरालॅक नावाची पिवळी पेस्ट लावायची. बाकी प्लॅस्टिकचे स्क्रेपर चारपाच, हेअर ड्रायर, व्हाइट स्पिरिट (रंगकामात वापरतात ते द्रावक), चिंध्या भरपूर, मास्किंग टेप, जाड पॉलिथीन, रेलमधली नवी व्हिनाइलची झाकणपट्टी, खिडकीचा नवा रबर सील, आणि एक ओल मोजायचा मीटर. मीटर दोन टोच्यांचा स्वस्तातला चालतो. आकडे साधारण असे धरतात: १५ टक्क्यांपर्यंत ठीक, १५ ते २० लक्ष ठेवा, २० च्या वर काम काढा, ३० च्या वर लाकूड कुजायला लागलेलं असणार. आमच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यात मीटर ४० च्या पुढे गेला होता.

खिडकी काढताना

एका वेळी एकच खिडकी. सगळ्या एकदम काढायचा मोह होतो, नका करू, कारण भिंतीला थोडीफार ताकद त्या चौकटींमुळेही असते आणि शिवाय इंग्लंडचा पाऊस तुमची वाट बघत नाही. काढायच्या आधी चारी कोपऱ्यांचे आतून बाहेरून फोटो काढा, खिडकीवर टेप लावून "पुढची डावी, वर इकडे" असं लिहा.

आधी आतले पडदे आणि ब्लाइंड काढायचं, मग खिडकी उघडून दुसऱ्याला धरायला सांगायची आणि दोन्ही बाजूचे आधाराचे दांडे सोडवायचे. हे दोन माणसांचंच काम आहे. नंतर खिडकी रेलमधून सुटते, काहींमधे टोकाला एक अडवणारा छोटा स्क्रू असतो तो काढून खिडकी एका बाजूला सरकवायची, काहींमधे खिडकी पूर्ण वर आडवी उचलली की खाच मोकळी होते. जोर लावून ओढू नका, अडलीय म्हणजे रेलमधे माती आणि शेवाळं आहे, साबणाचं कोमट पाणी सोडा, दहा मिनिटं थांबा. खिडकी काढली की गादीवर किंवा ब्लँकेटवर उभी ठेवा, ॲक्रिलिकला ओरखडे पडायला काही लागत नाही.

रेलवरची व्हिनाइलची झाकणपट्टी नखाने किंवा स्क्रेपरने एका टोकाने उचलली की सरसर निघते. जुन्या पट्ट्या आखडतात, दोन्ही टोकांना सेंटिमीटर दीड सेंटिमीटर उघडं पडतं आणि पाणी तिथूनच स्क्रूंवर जातं, त्यामुळे ही पट्टी परत वापरायचीच नाही. खाली स्क्रूंची रांग दिसेल. आमच्या रेलच्या एकवीस स्क्रूंपैकी नऊ जणांचं डोकं तेवढं हातात आलं, धड लाकडातच राहिलं. असं झालं तर रेल काढल्यावर उरलेलं टोक पकडीने धरून फिरवून काढा, नाही निघालं तर तसंच राहू द्या, गंजरोधक लावा आणि नवं भोक दोन बोटं बाजूला पाडा.

आता रेल सोडवायची. धातूचा स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटली तर पत्रा वाकतो आणि वाकलेला पत्रा पुन्हा कधीच सपाट होत नाही. हेअर ड्रायरने एकेक वीत गरम करत प्लॅस्टिकचा स्क्रेपर मागे सरकवत जा. हीट गन नको, आत थर्माकोल आहे, शंभर डिग्रीच्या अलीकडेच तो बसतो आणि मग पत्र्याला आधारच राहत नाही.

स्वच्छता, आणि इथे घाई करू नका

जुनं मॅस्टिक कुठे च्युइंगगमसारखं असतं, कुठे वाळलेल्या डिंकासारखं तुकड्या तुकड्याने निघतं. आधी कोरडंच खरवडून काढा, मग व्हाइट स्पिरिट चिंधीला लावून पुसा, ओतू नका, थर्माकोलला लागलं तर तो विरतो. सिलिकॉन असेल तर ते व्हाइट स्पिरिटने जात नाही, आधी ब्लेड आडवं धरून हलकेच आणि मग सिलिकॉन रिमूव्हर, आणि खात्री कशी करायची तर पाण्याचा हात फिरवायचा, जिथे पाणी थेंब थेंब होऊन पळतं तिथे अजून सिलिकॉन आहे. एका खिडकीच्या पत्र्याची फक्त स्वच्छता करायला मला अख्खा शनिवार लागला.

हे सगळं पत्र्यासाठी. खिडकीच्या ॲक्रिलिकला मात्र कोमट पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, बास. थिनर, पेट्रोल, ॲसिटोन, काच पुसायचा स्प्रे, यातलं काहीही लावू नका. मी एका खिडकीच्या कोपऱ्यातला मॅस्टिकचा डाग घाईत थिनरच्या चिंधीने पुसला, त्या वेळी छान स्वच्छ दिसलं, दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं तर त्या कोपऱ्यात केसासारख्या शेकडो रेषा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या, आतल्या आत. त्या पॉलिशने जात नाहीत, ती खिडकी आजही तशीच आहे आणि दर वेळी माझी नजर तिथेच जाते.

लाकूड

रेल निघाली की वरची पट्टी दिसते आणि आतला प्लाय खालच्या कडेला थोडा उचलला की खालची. आमची खालची पट्टी पटाशीने टोचल्यावर ओल्या खजुरासारखी निघाली, काळी, चिकट, आणि त्या बंद जागेतला कुबट वास दोन दिवस हाताला होता. असं लाकूड बाहेरून हार्डनर, म्हणजे लाकूड टणक करायचं द्रव, पाजून वाचत नाही. हार्डनर फक्त वरवर मऊ झालेल्या, पण आत टणक असलेल्या लाकडाला.

कुजकं लाकूड काढत जा, टणक लागलं की अजून चार बोटं पुढे जा आणि तिथे कापा. नवीन पट्टी प्रेशर ट्रीटेड (कुजू नये म्हणून दाबाखाली औषध मुरवलेल्या) पाइनची, जुन्याच मापाची, जोड सरळ कापाचा नको, दोन्ही टोकं अर्धी अर्धी उतरवून एकावर एक बसतील अशी करा आणि पॉलियुरेथेनच्या वॉटरप्रूफ गमने चिकटवा, रात्रभर क्लॅम्प लावून ठेवा. जुन्या चांगल्या लाकडातली मोठी झालेली स्क्रूची भोकं भरायला लाकडाच्या काड्या वॉटरप्रूफ गममधे बुडवून ठोकून बसवायच्या, वाळल्या की वरून सपाट कापायच्या. नवा स्क्रू त्यात असा घट्ट जातो की हाताला कळतं.

पण हे सगळं करायच्या आधी लाकूड सुकायला हवं, आणि हाच भाग सगळे गाळतात. उघडी जागा बाहेरून पॉलिथीनने झाका, पण वरून पत्र्यावर टेप मारून खाली मोकळं सोडा, पागोळी पडावी तसं पाणी बाहेर पडलं पाहिजे, आणि आत डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल शोषणारं यंत्र, लावून दारं बंद. आमच्या पुढच्या भिंतीला ४० वरून १६ वर यायला जवळजवळ पाच आठवडे लागले. मीटर १८ च्या खाली स्थिर दिसेपर्यंत बंद करू नका, नाहीतर तुम्ही ओल आतमधे डबाबंद करून ठेवताय.

परत बसवणे

कोरडा दिवस बघा, हवा निदान १० डिग्रीच्या वर असू द्या, थंडीत मॅस्टिक कडक असतं आणि पसरत नाही. आधी काहीही न लावता रेल नुसती जागेवर धरून दोन टोकांना आणि मधे असे तीन स्क्रू हलके लावून बघा, खिडकी सरकवून, बंद करून बघा, दोन्ही बाजूंना सारखी जागा आहे ना. ॲक्रिलिक वाढतं हे वर सांगितलंच, म्हणून दोन्ही टोकांना तीन चार मिलिमीटर मोकळे हवेतच. पेन्सिलने खुणा करा आणि परत काढा.

मग रेलच्या मागच्या बाजूला मॅस्टिकची पट्टी लावायची, भिंतीवर नाही, रेलवर. एका टोकाकडून अंगठ्याने दाबत जायचं, मधे हवा राहू द्यायची नाही, ओढून ताणायचं नाही कारण ताणलेली पट्टी नंतर आखडते. जोड द्यायचाच असेल तर दोन तुकडे इंचभर एकावर एक. मॅस्टिकच्या पट्टीवरचा कागद काढायच्या आधी स्क्रूची भोकं पटाशीच्या टोकाने मोकळी करून ठेवा. रेलच्या दोन टोकांना आणि वरच्या कडेला नळीतल्या मॅस्टिकची बारीक रेघ जास्तीची द्या, पाणी वरूनच येतं.

रेल खुणेवर टेकवली की परत हलवायची नाही. स्क्रू मधून सुरू करा, एक डावीकडे एक उजवीकडे असं टोकाकडे जा, सगळे आधी अर्धेच. ड्रिल वापरू नका, हातानेच, ड्रिलने लाकडी पट्टीतली पकड एका झटक्यात जाते आणि तुम्हाला कळत पण नाही. मग दुसरी फेरी, थोडे अजून. मॅस्टिक दोन्ही कडांनी सारखं बाहेर यायला लागलं पाहिजे, एखाद्या जागी येत नसेल तर तिथे आत पोकळी आहे, त्या वेळी आळस न करता रेल परत सोडवा आणि भरा. मॅस्टिक दाबाखाली हळूहळू पसरतं, म्हणून दुसऱ्या दिवशी सगळे स्क्रू परत एकदा फिरवून बघा, पाव पाव आटा अजून जातोच. त्यानंतर व्हिनाइलची झाकणपट्टी, ती कोमट पाण्यात टाकून मऊ करा, न ताणता बसवा, दोन्ही टोकांना सेंटिमीटरभर जास्त ठेवा आणि टोकं मॅस्टिकच्या थेंबाने बंद करा.

रबर सीलबद्दल थोडक्यात: नवा घ्या, जुन्या सीलचा तुकडा कापून दुकानात घेऊन जा म्हणजे भिंतीची जाडी आणि खिडकी टेकते त्या फुगीर भागाचा आकार जुळतो, जोड खिडकीच्या वरच्या मध्यावर द्या, खालच्या कोपऱ्यात कधीच नको, आणि सेंटिमीटरभर लांब कापून दाबून बसवा कारण रबर आखडतं. ज्या खिडक्यांना पूर्ण ॲल्युमिनियमची चौकट असते त्यांच्या खालच्या कडेला पाणी जायची बारीक छिद्रं असतात, ती मॅस्टिकने बुजवू नका. कड्या आणि दांड्यांचे स्क्रू ॲक्रिलिकमधे जातात तिथे हाताने टेकले की थांबा. एक जास्तीचा आटा दिला की तडा जातो.

न उघडणारी, रबरात बसवलेली काच असेल तर

साठ सत्तरच्या दशकातल्या कॅरॅव्हानमधे हा प्रकार जास्त, इंग्रजी एच अक्षरासारखं रबर, एका खाचेत पत्रा, दुसऱ्या खाचेत काच. आमच्या एका मित्राकडे अशी एक आहे आणि तिची मागची काच बसवायला माझे बाबा होते. बाबा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधे बॉडी सेक्शनला होते, आयुष्यभर बसच्या काचा बसवल्या, इथे सहा महिने राहायला आले होते. आम्ही दोघं तिघं त्या काचेला दाबत होतो, ती एका कोपऱ्यातून आत गेली की दुसऱ्यातून बाहेर. बाबा म्हणाले, अगं थांब, जोर लावू नकोस, सुतळी आण आणि साबण आण.

रबर आधी काचेवर चढवलं. मग रबराच्या बाहेरच्या खाचेत, जिथे पत्रा बसायचाय तिथे, चार मिलिमीटरची नायलॉनची दोरी सगळीकडून फिरवली, दोन्ही टोकं खाली मध्यावर एकमेकांवरून वीतभर जातील अशी आत सोडली. खाचेला आणि पत्र्याच्या कडेला साबणाचं घट्ट पाणी ब्रशने लावलं, पेट्रोलियमवालं ग्रीस किंवा तेल नाही, त्याने रबर फुगतं. मी बाहेरून तळव्याने काच दाबून धरली आणि बाबा आतून दोरी ओढत गेले, पत्र्याला समांतर, हळूहळू, आणि जसजशी दोरी निघत होती तसतसा रबराचा ओठ पत्र्यावरून उचलून आत पडत होता, प्रत्येक वीतेला एक बारीक पटकन आवाज. दहा मिनिटांत काच बसली. मला इतका आनंद झाला की काही विचारू नका.

क्लेटनराइट म्हणून जे रबर येतं त्यात दोरी लागत नाही, त्याला बाहेरून एक किल्लीपट्टी असते. रबर आधी पत्र्यावर, मग काच चमच्यासारख्या बोथट पट्टीने खाचेत सरकवायची, आणि शेवटी ती किल्लीपट्टी तिच्या खास हत्याराने खाचेत ओढत न्यायची म्हणजे रबर फुगून घट्ट होतं. रबर घेताना काचेची जाडी आणि पत्र्याची जाडी दोन्ही मोजून सांगा. रबराचा जोड आणि किल्लीपट्टीचा जोड एका जागी येऊ देऊ नका.

खिडकीच बदलायची असेल तर

इथे कॅरॅव्हान ब्रेकरची, म्हणजे जुन्या कॅरॅव्हान मोडून सुटे भाग विकणाऱ्यांची, यार्ड असतात, तिथे जुन्या खिडक्या मिळतात. खिडकीच्या कोपऱ्यात कोरलेला नंबर असतो, बनवणाऱ्याचं नाव असतं, बरेचदा पॉलिप्लास्टिक, तो फोटो काढून दाखवा आणि माप मिलिमीटरमधे द्या. गोलात ई आणि आकडा असा मंजुरीचा शिक्का आहे ना ते बघा. प्लॅस्टिकच्या दुकानातून साधा ॲक्रिलिकचा तुकडा कापून रस्त्यावर जाणाऱ्या गाडीला लावू नका. आणि १९९२ पासून इथल्या कॅरॅव्हानच्या खिडक्यांवर सतरा अक्षरी नोंदणी नंबर कोरतात, तेव्हा त्यानंतरची कॅरॅव्हान असेल तर ब्रेकरकडच्या खिडकीवर दुसऱ्या गाडीचा नंबर असणार, बिल जपून ठेवा, विकताना कोणीही विचारेल.

दोन थरांमधे वाफ धरलीय म्हणून खिडकी टाकू नका. वरच्या कडेला बारीक बुचं असतात, ती काढा, खिडकी घरात गरम कोरड्या खोलीत आठवडाभर ठेवा, पूर्ण कोरडी झाली की बुचं परत लावा. आमच्या तीन खिडक्या अशाच परत स्वच्छ झाल्या.

पाणी मारून तपासा

सगळं झाल्यावर एक माणूस आत टॉर्च आणि कोरडा टिश्यू घेऊन, एक बाहेर होजपाइप घेऊन. पाणी खालून सुरू करायचं, आधी खिडकीची खालची कड पाच मिनिटं, मग बाजू, मग रेल, आणि सगळ्यात शेवटी छताच्या कडेची लांब रेल जिच्यात ऑनिंग, म्हणजे बाजूला लावायचा कापडी तंबू, सरकवतात. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडून उतरतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. आमच्या मागच्या उजव्या खिडकीला या तपासणीत खिडकी पूर्ण कोरडी राहिली आणि ऑनिंगच्या रेलवर पाणी मारल्यावर दोन मिनिटांत आत खिडकीच्या डोक्यावर ओल आली. म्हणजे खिडकी निर्दोष होती, गळत होती वरची रेल, आणि तिथलं काम हेच, काढा, साफ करा, नवं मॅस्टिक, नवे स्क्रू, फक्त पाच मीटर लांब.

बाहेर आलेलं जादा मॅस्टिक त्याच दिवशी पुसू नका, लांबवर ओढलं जातं आणि कडेखालचंही निघतं. दोनतीन आठवडे राहू द्या, उन्हात ते अजून थोडं बाहेर येतं. मग एखाद्या गार सकाळी, ते जरा घट्ट असताना, प्लॅस्टिकचा स्क्रेपर ओला करून कडेला लावून कापत जा, आणि उरलेला ठसा पत्र्यावरून व्हाइट स्पिरिटच्या चिंधीने पुसा, खिडकीला न लागू देता.